नकाशा मंजूर आहे, पण पाणी स्वयंपाकघरात येतं

"तुमच्या इंग्लंडात असं चाललं असतं का?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. यंदा मामेभावाने विचारला. पुण्याच्या कडेला त्याने नवा फ्लॅट घेतलाय. ड्राय बाल्कनीच्या फरशीला उतार आहे, पण तो पाणी वाहून जायच्या जाळीकडे नसून स्वयंपाकघराच्या दाराकडे आहे. मशीनचं पाणी आणि तिरका पाऊस, दोन्ही थेट ओट्याखाली. बिल्डरच्या साइट इंजिनिअरने तोंडावर सांगितलं, "नकाशा मंजूर आहे साहेब, बाल्कनी नकाशाप्रमाणेच आहे."

मी त्याला खरं ते सांगितलं. इथेही असंच चालतं. नव्या घरातल्या चुका शोधून काढणं हा इथे एक धंदाच आहे. हे काम करणारा स्नॅगिंगवाला पाणसळ, टॉर्च आणि ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतो, घरभर फिरतो आणि फोटोंसकट लांबलचक यादी देतो. त्याची फी घर घेणारा भरतो. घरं निर्दोष मिळत असती तर या लोकांचं पोट भरलं नसतं. इथल्या स्पर्धा आयोगाने 2024 साली घरबांधणीचा अभ्यास जाहीर केला, त्यातही नव्या घरांबद्दलच्या वाढत्या तक्रारींचा मुद्दा होता.

आपल्याकडच्या चर्चेत दुसरं एक वाक्य हमखास येतं: "आपल्याकडे कायदाच नाही." हे तर साफ चुकीचं आहे. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा केंद्राचा कायदा. त्याचं कलम 14 (3) सांगतं की, ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या ढाच्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला आणि तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. महाराष्ट्राच्या आधीच्या, 1963 च्या मोफा कायद्यात ही मुदत 3 वर्षांची होती. इंग्लंडात नव्या घराला साधारणपणे 10 वर्षांची वॉरंटी असते खरी, पण बिल्डरची स्वतःची जबाबदारी पहिल्या 2 वर्षांपुरती. पुढची 8 वर्षं विम्याची, आणि तीही मुख्यतः ढाच्याच्या मोठ्या बिघाडासाठी. फरशीचा उलटा उतार तिसऱ्या वर्षी लक्षात आला तर इथे मला फारसं कुणी विचारणार नाही. माझ्या भावाला मात्र हक्क आहे.

मग अडतं कुठे? रचनेतल्या चुकीपाशी. कलमात कारागिरी आहे, दर्जा आहे. आराखड्याचं नाव नाही. उलट त्याच कलम 14 चा पहिला भाग सांगतो की बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणेच हवं. बिल्डर तीच ढाल पुढे करतो. पण मंजूर नकाशा म्हणजे काय? महापालिका किंवा प्राधिकरण एफएसआय, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधकाम, ते बघतं, इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरं बघतं, जिन्याची रुंदी आणि आगीचे नियम बघतं. उतार किती आणि कुठल्या दिशेला, डक्टमधल्या पाइपपर्यंत प्लंबरचा हात पोचतो का, गॅसच्या शेगडीवर दार आपटतं का, हे तिथे कोण तपासणार? म्हणून माझं म्हणणं असं की, उलट्या उताराला 'डिझाइन' म्हणून सोडून द्यायचं नाही. पाणी जाळीकडे जायला हवं, हे कुठलाही गवंडी सांगेल. ते जात नसेल तर दोष कारागिरीचा आणि सोयीचाही. तक्रारीतही त्याच शब्दांत लिहायचं. 'रचना चुकीची आहे' असं लिहिलं की आपणच बिल्डरच्या हाती उत्तर देतो.

हा फरक मला माझ्याच घरात कळला. वरच्या न्हाणीघराच्या पाइपला पुरेसा उतार नव्हता, पाणी तुंबायचं. बिल्डरने कुरकुर केली, पण जमीन उचकटून पाइप नव्याने टाकला. बेडरूमचं दार उघडलं की रेडिएटर झाकला जातो, याला मात्र साफ नकार. आराखड्यात तो तिथेच आहे, आणि मी त्या आराखड्यावर सही केलेली. तो रेडिएटर अजून दारामागेच तापतो.

तरीही इथल्या दोन गोष्टी मला आपल्याकडे हव्याशा वाटतात. पहिली, ताब्याआधीची तपासणी. नव्या घरांसाठीची जी आचारसंहिता इथल्या बहुतेक मोठ्या बिल्डरांनी स्वीकारली आहे, तिच्यानुसार ग्राहक आपला तज्ज्ञ ताब्याआधी आत पाठवू शकतो. आपल्याकडे पेढ्याचा बॉक्स, किल्ली आणि ताबापत्र एकदमच हातात पडतं, आणि त्या ताबापत्रात बरेचदा एक ओळ असते: 'सदनिका पाहिली, समाधानकारक आहे, कोणतीही तक्रार नाही.' त्या ओळीच्या वर आपली यादी लिहून, तारीख घालून सही करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दुसरी गोष्ट, 2022 पासून काम करणारा नव्या घरांचा लोकपाल. बिल्डरने दाद दिली नाही तर ग्राहक फुकटात त्याच्याकडे जातो, वकील लागत नाही. महारेराचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाचा, सलोखा मंच 2018 पासून आहे आणि कल्पना चांगली आहे, पण तिथे बिल्डरला यायचं असेल तरच काम पुढे सरकतं.

इथलं गुणगान इथेच थांबवतो. 2017 साली लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली, आणि त्यानंतर देशभरातल्या कितीतरी इमारतींचं बाहेरचं आवरण धोक्याचं निघालं. त्या घरांत राहणारे लोक वर्षानुवर्षं विकूही शकले नाहीत. कायदा 2022 मध्ये बदलला, तोवर अनेकांची उमेद संपली होती.

आता भावाचा प्रश्न. त्याला गवंडी बोलवून दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवायची होती, म्हणजे पाणी अडेल. मी हात जोडले. बऱ्याच करारनाम्यांत एक कलम असतं की परवानगीशिवाय फेरफार केला तर दोषाची जबाबदारी संपली. ते कलम रेरापुढे कितपत टिकेल हा वेगळा वाद, पण तो वाद ओढवून कशाला घ्यायचा? आधी बादलीभर पाणी ओतून व्हिडिओ, मग ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र, त्यात कलम 14 (3) आणि 30 दिवस यांचा उल्लेख. शक्यतो त्याच मजल्यांवरच्या बाकीच्यांच्या सह्यांसकट, कारण उतार एकाच फ्लॅटमध्ये चुकलेला नसतो.

माझ्या मते खरी गोम पैशात आहे. महाराष्ट्राच्या आदर्श करारनाम्यात टप्प्याटप्प्याने रक्कम जाते आणि ताब्याच्या वेळी जेमतेम 5 टक्के उरतात. तेही दिल्याशिवाय किल्ली मिळत नाही, आणि अडवले तर आपल्यालाच व्याज लागतं. हे 5 टक्के तपासणीच्या यादीला बांधले तर साइट इंजिनिअरचा सूर बदलेल. बिल्डर म्हणतील, लोक भिंतीवरच्या ओरखड्यासाठी पैसे अडवतील. काही जण अडवतीलही. म्हणून रक्कम ग्राहकाच्या हातात नको, वेगळ्या खात्यात राहू द्या, आणि यादीवर स्वतंत्र इंजिनिअरची सही झाली की सोडा. ग्राहकांकडून आलेले 70 टक्के पैसे प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती रेराने आधीच केलेली आहे. शेवटच्या 5 टक्क्यांसाठी तसंच एक खातं उघडायला काय हरकत आहे, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.