आग लांब आहे, पण धूर इथे आहे ना!

आज लेकीच्या शाळेचा मेसेज आला, 'जंगलातली आग बरीच लांब आहे, काळजी नको, खेळाचा तास मैदानावरच होईल.' डोकंच फिरलं माझं. बाहेर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, १५० च्या वर गेलाय, भरदुपारी सूर्य तांबडा दिसतोय, आणि म्हणे काळजी नको!

मागच्या वेळीही आग लांबच होती. माझ्या बाबांना दमा आहे. अख्खी रात्र पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसून काढली त्यांनी, आडवं झालं की धाप लागायची, दोन शब्द बोलले की थांबायचे. जून २०२३ मध्ये जंगलं कॅनडात जळत होती आणि आकाश नारिंगी झालं न्यूयॉर्कचं, शेकडो किलोमीटरवर. अजून काय सांगायचं यांना?

धुरातले पीएम २.५ नावाचे अतिबारीक कण आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही तर रक्तातही उतरतात. आणि पोरं धावतात तेव्हा किती जोरजोरात श्वास घेतात हे तुम्हाला काय सांगायचं, सगळे आईबापच आहात. त्यात कोणीतरी आपल्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलंय, ओला रुमाल बांधून पाठवा. अहो, रुमालाने हे बारीक कण फारसे अडत नाहीत! बारीक कण अडवणारा एन९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तर, दाढी असेल तर कडेने हवा आत शिरतेच.

बाबांना त्या रात्री मास्कने नाही, खोलीने सावरलं. एकच खोली बंद केली, दाराच्या फटीला टॉवेल लावला, हेपा प्युरिफायर (हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र) चालू ठेवला, एसी आतलीच हवा फिरवेल असा केला, घरात तळण आणि मेणबत्त्या बंद. पहाटे कुठे पाठ टेकली त्यांनी. नंतर प्युरिफायरचा फिल्टर काढला तर पांढऱ्याचा काळपट राखाडी झालेला. यातलं काही बाबांच्या छातीत गेलं असतं.

बंद घरात उकडतं, आणि ज्यांचं काम उन्हातान्हात आहे त्यांना घरात बसणं जमत नाही, हे मान्य. पण शाळेला एक तास वर्गात घेणं जमत नाही?

चिडून लिहितेय खरं, शाळेतले लोक वाईट नाहीत, त्यांनी तसं कोणाला धापा टाकताना बघितलं नसेल. माझी लेक उद्या मैदानावर जाणार नाही, तसं कळवलंय मी. तुम्हीही प्लीज आजच फोन करा, एकटीचं कोण ऐकणार. आणि ज्यांच्या पोरांना इनहेलर आहे त्यांनी तो दप्तरात आहे का, संपत तर नाही आला, एवढं आत्ताच बघा.