मंदीत जन्म घ्यायचाच असेल तर

चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरताना कधी ना कधी तुमचा नंबर १९३० च्या आसपासच्या अमेरिकेत लागणार. घाबरून जाऊ नका. १९३३ साली तिथं दर चार कामकऱ्यांत एक बेकार होता आणि तीन-चार वर्षांत नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या होत्या, हे खरं. पण सरकार होतं, योजना होत्या आणि योजनांना लाभार्थीही होते. फक्त चित्रगुप्ताच्या खिडकीवर फॉर्म भरताना ‘कोण म्हणून जन्म घेणार’ या रकान्यात घाईघाईनं ‘माणूस’ लिहून मोकळे होऊ नका. बहुतेक जण तिथंच फसतात.

पहिली पसंती बँकेला द्या. मात्र लहान गावातली नको, ती निमूट बुडते आणि कुणी दखलही घेत नाही. चांगली मोठी बँक व्हा आणि जमल्यास एखादा माजी उपराष्ट्राध्यक्ष जवळ बाळगा. शिकागोच्या सेंट्रल रिपब्लिक बँकेकडे चार्ल्स डॉज होते. १९२९ पर्यंत हे गृहस्थ अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष, आणि १९३२ साली अडचणीतल्या बँकांना नि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळाचे अध्यक्ष. जूनमध्ये त्यांनी महामंडळाचा राजीनामा दिला, शिकागोला आपल्या बँकेत परतले, आणि थोड्याच दिवसांत त्या बँकेला महामंडळाचं ९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. पुढच्या महिन्यात देशभरच्या बेकारांच्या मदतीसाठी सगळ्या राज्यांना मिळून ३० कोटी ठेवले, तेही कर्जाऊ. हिशोब तुम्हीच करा. बँकेला दिले की बाजारात विश्वास परत येतो. माणसाला दिले की त्याला फुकटची सवय लागते.

बँकेच्या जागा भरल्या असतील तर खेचर व्हा. हसू नका. १९३०-३१ च्या दुष्काळात अर्कान्सासमधली पिकं करपली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर साहेबांच्या सरकारनं फार तत्त्वनिष्ठ भूमिका घेतली. बियाणाला आणि जनावरांच्या चाऱ्याला सरकारी कर्ज चालेल, माणसांच्या भाकरीला नाही. भाकरीचं रेड क्रॉस बघून घेईल. जानेवारी १९३१ मध्ये त्या राज्यातल्या इंग्लंड नावाच्या गावात काही शे भुकेले शेतकरी दुकानांसमोर येऊन उभे राहिले, पोरांना खायला द्या म्हणाले. खेचर त्यांच्यात नव्हतं. ते गोठ्यात उभं राहून सरकारमान्य चारा खात होतं.

आणि माणूस व्हायचाच हट्ट असेल तर सफरचंदं विका. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर तेव्हा हजारो बेकार खोकं मांडून पाच-पाच सेंटला सफरचंद विकत बसायचे. हूवर साहेबांनी पुढं आठवणी लिहिल्या, त्यात म्हटलंय की सफरचंदाच्या धंद्यात जास्त पैसा म्हणून अनेकांनी हातातली नोकरी सोडली. बघा, म्हणजे ती बेकारी नव्हतीच, उद्योजकता होती.

मार्च १९३३ मध्ये हूवर साहेबांच्या जागी फ्रँकलिन रूझवेल्ट आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात देशातल्या सगळ्या बँकांना कुलूप लावलं. त्याला नाव दिलं ‘बँक हॉलिडे’. नाव ठेवण्यातली ही हातोटी शिकण्यासारखी आहे. आमच्या ओळखीतल्या एका मावशींचे पैसे एका पतसंस्थेत अडकलेत. तिथं सुट्टीबिट्टी काही नाही, शटरवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असा हातानं लिहिलेला कागद आणि त्याच्या एका कोपऱ्याची सुटलेली चिकटपट्टी, वर्षानुवर्षं. रूझवेल्ट मात्र रविवारी रात्री रेडिओवर आले, बँक म्हणजे काय हे घरातल्या माणसासारखं समजावलं, आणि सोमवारी बँका उघडल्या तेव्हा लोक पैसे काढायला नाही, भरायला रांगेत उभे राहिले. पुढच्या जानेवारीपासून अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला विमा. आपल्याकडे ठेवीला विमा यायला १९६२ उजाडलं. तेव्हा ठेवीदार व्हायचंच असेल तर १९३४ नंतरचा जन्म मागा.

पण सोनं अंगावर घेऊन जन्माला येऊ नका. एप्रिल १९३३ मध्ये हुकूम निघाला की लोकांनी घरातली नाणी नि लगडी औंसाला २०.६७ डॉलर भावानं सरकारजमा करावीत. सगळं जमा झाल्यावर, पुढच्या जानेवारीत, भाव ३५ केला. मधल्या काळात तो रोज थोडा थोडा चढवायचे. कसा? तर रूझवेल्ट सकाळी पलंगावर अंडी खात बसलेले, शेजारी पुढं अर्थमंत्री झालेले हेन्री मॉर्गनथाऊ. एके दिवशी रूझवेल्ट म्हणाले, आज २१ सेंटनी वाढवू, २१ म्हणजे तीन सत्ते, आकडा शुभ आहे. मॉर्गनथाऊंनी ते रोजनिशीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. आमच्याकडे मुहूर्त काढणाऱ्यांना उगाच नावं ठेवतात. (त्याच वर्षांत इकडं शेतमालाचे भाव कोसळलेले, शेतसारा मात्र कमी होत नव्हता, आणि कुणबिणीच्या गळ्यातलं सोनं सावकाराच्या तराजूतून मुंबईच्या धक्क्यावर आणि तिथून विलायतेला चाललं होतं. त्याच्यासाठी हुकूमही काढावा लागला नाही.)

आता शेतीकडे या. इथं योनी फार जपून निवडावी लागते.

डुकराचं पिल्लू बिलकूल होऊ नका. १९३३ साली सरकारचं म्हणणं असं पडलं की माल जास्त झालाय म्हणून भाव पडलेत. शहरात लोक सूपच्या रांगेत, आणि माल जास्त! पण अर्थशास्त्रात भूक म्हणजे मागणी नव्हे, खिशात पैसा असलेली भूक म्हणजे मागणी. म्हणून सरकारनं सुमारे ६० लाख डुकरं विकत घेऊन मारली. काही मांस बेकारांना वाटलं, पण बरीचशी पिल्लं इतकी लहान होती की कत्तलखान्याच्या यंत्रात बसेनात. त्यांची चरबी झाली आणि खत झालं.

कापूसही होऊ नका. उभ्या पिकातला जवळपास एक कोटी एकर कापूस त्या उन्हाळ्यात नांगरून मातीत गाडला, आणि गाडल्याबद्दल एकरी पैसे दिले. इथं आपलं खेचर पुन्हा भेटतं. जन्मभर त्याला एकच शिकवलेलं, दोन ओळींच्या मधून चाल, रोपावर खूर पडला तर चाबूक. आता मालक म्हणतोय, रोपावरूनच चल. सांगतात की कित्येक खेचरं जागची हलेनात. अख्ख्या कृषी धोरणावर बांधावरून नोंदवलेली ती पहिली हरकत.

व्हायचं तर जमीनदार व्हा, आणि काही पिकवू नका. न पिकवण्याचा धनादेश तुमच्या नावानं येतो. कागदावर त्यातला हिस्सा बटाईदाराला द्यायचा असतो. पण वही तुमची, पेन तुमचं, दुकान तुमचं. मागल्या वर्षीचं पीठ-मीठ त्याच्या नावावर मांडलेलं असतंच. हिस्सा उधारीत वळता करा. शिवाय कमी जमीन कसायची म्हणजे माणसंही कमी लागणार, तेव्हा त्याला झोपडीतून काढा आणि उरलेल्या पैशात ट्रॅक्टर घ्या. कृषी खात्यातल्या काही वकिलांनी १९३५ च्या फेब्रुवारीत नियम वाचून काढला आणि म्हणाले, करारानुसार त्याच कुळांना जमिनीवर ठेवावं लागेल. खात्यानं तातडीनं कारवाई केली. वकिलांना काढलं.

बटाईदार मात्र होऊ नका. झालातच तर संघटना करू नका, कारण १९३४ साली अर्कान्सासच्या टायरोन्झा गावी काळ्या-गोऱ्या बटाईदारांनी मिळून संघटना काढली, तेव्हा सगळ्यांत जास्त राग त्या ‘मिळून’चा आला. सभा उधळल्या, लोकांना मारहाण झाली.

१९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं हा शेतीचा कायदाच रद्द केला. पण काळजी नको, दोन महिन्यांच्या आत तोच धनादेश ‘मृदसंधारण’ या नावानं सुरू झाला. नावाचं महत्त्व आधी सांगितलंच आहे. तसं मृदसंधारण खरंच गरजेचं होतं. आदल्या वर्षी ह्यू बेनेट नावाचा शास्त्रज्ञ सिनेटच्या समितीपुढं मातीची धूप समजावत होता, समितीला कंटाळा येत होता. इतक्यात पश्चिमेकडची धूळ उडत थेट वॉशिंग्टनवर आली आणि खिडकीबाहेर अंधारलं. कायदा मंजूर झाला. एखादी मागणी अडली असेल तर कागद पाठवू नका, धूळ पाठवा.

धरणाखालची जमीनही होऊ नका. टेनेसी खोऱ्यात नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबं उठवली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला. जे नुसते कसत होते त्यांनी बिऱ्हाड बांधावं. वीज आली, पूर थांबले, मलेरिया हटला, सगळं खरं. त्याच नमुन्यावर आपल्याकडे दामोदर खोऱ्याची योजना झाली, डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि आराखडा करायला इंजिनियरही टेनेसीहूनच आला. धरणग्रस्त म्हणजे काय हे कोयनेच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुकानदार, शिंपी, कोंबडी यांबद्दल थोडक्यात. भाव पडू नयेत म्हणून प्रत्येक धंद्याची एक आचारसंहिता निघाली, पाचशेच्या वर, कुत्र्यांच्या खाण्यापासून नाचाच्या थिएटरांपर्यंत. पाळणाऱ्यानं दारात निळ्या गरुडाचं चित्र लावायचं. जर्सी सिटीतल्या एका शिंप्यानं सूटला इस्त्री करायचे ४० सेंटऐवजी ३५ घेतले. त्याला ३० दिवसांची कैद आणि १०० डॉलर दंड सुनावला. काही दिवसांनी न्यायाधीशाला त्याची दया आली. शेवटी गरुडाला मारलं कोंबडीनं. ब्रुकलिनच्या कोंबडीविक्रेत्यांवर खटला, आरोपांत एक असा की गिऱ्हाइकाला खुराड्यातून हवी ती कोंबडी निवडू दिली, हाताला येईल ती दिली नाही. भर सर्वोच्च न्यायालयात हशा पिकला आणि मे १९३५ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी कायदा रद्दबातल ठरवला.

एवढं सांगूनही माणूसच व्हायचं म्हणत असाल तर कामावर या. सरकारी मदतवाटपाचा प्रमुख, हॅरी हॉपकिन्स नावाचा सडपातळ, सतत सिगारेट ओढणारा गृहस्थ भेटेल. त्यानं १९३३ च्या मे महिन्यात कचेरीची खोली मिळायच्या आधी व्हरांड्यातल्या टेबलावर बसून पहिल्या दोन तासांत पन्नास लाखांच्या वर डॉलर वाटून टाकले. मला हा माणूस आवडतो, त्यामुळे त्याच्याबद्दल उपरोध जमत नाही. पुढं जाऊ.

त्याच्या डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेत आठ वर्षांत सुमारे ८५ लाख लोकांनी काम केलं. मात्र आधी तुम्ही गरजू आहात हे सिद्ध करा. बाई घरी येईल, फडताळ उघडून डब्यात पीठ किती ते बघेल. डब्यात पीठ ठेवू नका. घरातल्या एकालाच काम. मिळालं की फावड्याला टेकू नका, दोन मिनिटंही नको, कारण तेवढ्यात फोटोवाला येतो. तुम्ही सुमारे साडेसहा लाख मैल रस्ते नि सव्वा लाख इमारती बांधा किंवा दुरुस्त करा, लोक म्हणणार डब्ल्यूपीए म्हणजे ‘वुई पोक अलाँग’, आम्ही आपले रमतगमत. ९ कोटींच्या त्या बँकेवर असा विनोद मला शोधून सापडला नाही. बहुधा बँक कशाला टेकलेली दिसत नाही म्हणून.

बाई म्हणून येणार असाल तर लग्न करू नका, निदान सरकारी कारकुनाशी तरी नको. १९३२ च्या काटकसर कायद्यात कलम होतं की कपात करताना नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत असतील तर आधी त्यांच्यातल्या एकाला काढा. कोणाला, ते कलमात लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. पोरगा असाल तर जंगलातल्या छावणीत झाडं लावा, महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर आईला. हे मात्र झकास, फक्त छावणी तुमच्या कातडीच्या रंगाची असेल. घर घेणार असाल तर आधी सरकारी नकाशा बघा. काळ्या लोकांच्या वस्त्या त्यात लाल रंगवलेल्या आहेत, तिथं कर्ज मिळत नाही.

आणि म्हातारे व्हा, सावकाश. १९३५ च्या ऑगस्टमध्ये पेन्शनचा कायदा झाला. क्लीव्हलंडचा एक मोटरमन योजना सुरू झाल्यावर एकच दिवस कामाला होता. पगारातून ५ सेंट कापले, एकरकमी १७ सेंट मिळाले. त्याच्यापेक्षा व्हरमाँटच्या आयडा मे फुलर बाईंचा धडा गिरवा. तीन वर्षांत भरले २४.७५ डॉलर, १९४० च्या जानेवारीत पहिला धनादेश २२.५४ चा, आणि मग बाई शंभर वर्षं जगल्या; एकूण वसुली २२,८८८ डॉलरच्या वर. पण त्या वकिलाच्या कचेरीत होत्या. त्या वकिलाच्या घरची फरशी पुसणारी, किंवा कापूस वेचणारी, या कायद्यात बसत नव्हती. शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बाया याच दोन कामांत. तेव्हा फॉर्मवर ‘मोलकरीण’ लिहू नका. वकिलाची सेक्रेटरी लिहा आणि भाज्या खा.

एवढं ऐकून मीच परवा चित्रगुप्ताच्या खिडकीवर चौकशी केली. तो म्हणाला, बँकेच्या जागा केव्हाच भरल्या, आतल्या आत. खेचराला प्रतीक्षा यादी आहे, पण नंबर लागेल. केंटकीच्या डोंगरात एक काम निघालंय: डब्ल्यूपीएच्या बाया घोड्या-खेचरांवर पुस्तकं लादून खोपटा-खोपटापर्यंत वाचायला नेतात. बाईला महिना २८ डॉलर, पण वाहन तिचं तिनं आणायचं.

‘चारा?’ मी विचारलं.

‘चारा बाईच्या पगारातून,’ तो म्हणाला, आणि फॉर्म पुढं सरकवला.