एपीचे ५ आणि प्री-मेडची केमिस्ट्री: एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

अमेरिकेत मेडिकलला जायचं ठरवलेल्या (म्हणजे ‘प्री-मेड’) मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: एपी केमिस्ट्रीत (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेज पातळीची परीक्षा, ५ हे सर्वोच्च गुण) ५ मिळाले असतील तर कॉलेजात जनरल केमिस्ट्री घेऊ नका, वर्ष वाचतं. ऑरगॅनिक म्हणजे निव्वळ पाठांतर, ते उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, कमी फीच्या कॉलेजात) उरका. बायोकेमिस्ट्री ऐच्छिक आहे, एमकॅटपुरती (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेपुरती) पुस्तकातून होते. ग्रेड बिघडली तर कोर्स पुन्हा घ्या, जुनी ग्रेड पुसली जाते. आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) शक्यतो केमिस्ट्रीच ठेवा, प्रवेश समितीवर छाप पडते.

प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण तो जसाच्या तसा पाळला तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज भरताना एखाददुसरा रकाना रिकामा निघतो आणि तो भरायला अख्खं वर्ष जातं. हे कोर्स अर्जाच्या तारखेपासून उलटं मोजत ठरवायचे असतात. सल्ला देणारा सुरुवातीपासून मोजतो, खरी चूक तिथे आहे.

“एपीत ५ आहेत, मग जनरल केमिस्ट्री सोडा”

एपीचं क्रेडिट, म्हणजे कोर्स झाल्याचं श्रेय, तुमचं कॉलेज देतं. मेडिकल स्कूल ते मान्य करेलच असं नाही. काही स्कूल ते स्वीकारतात, पण कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) विषय आणि क्रेडिट्स स्पष्ट लिहिलेली हवीत. नुसतं ‘एपी क्रेडिट ८’ असं मोघम लिहिलेलं असेल तर अडतं. काही स्कूल म्हणतात, एपी चालेल, पण तेवढ्याच क्रेडिट्सची वरच्या पातळीची केमिस्ट्री करून दाखवा. काही तर पूर्वअट म्हणून एपी धरतच नाहीत. कोण कोणत्या गटात बसतं ते एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेच्या ‘एमएसएआर’ या सशुल्क माहितीकोशात आणि त्या त्या स्कूलच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. ज्या पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करण्याचा विचार आहे, त्यांचे नियम पहिल्या वर्षाची नोंदणी करण्यापूर्वीच वाचावेत.

‘वरच्या पातळीची केमिस्ट्री’ म्हणजे ॲनालिटिकल, इनऑरगॅनिक किंवा फिजिकल. हे वर्ग केमिस्ट्री मेजर करणाऱ्यांनी भरलेले असतात. फिजिकलला त्याआधी कॅल्क्युलस लागतं, बहुधा फिजिक्सही. म्हणजे वाचलेलं वर्ष पुढे जास्त अवघड कोर्सच्या रूपात परत येतं, आणि ज्या वर्गात चांगली ग्रेड मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त होती तोच हातचा जातो. एपीला ग्रेड नसते. अर्जात विज्ञान-गणिताची वेगळी सरासरी काढली जाते, तिच्यात ते ५ कुठेच दिसत नाहीत.

अभ्यासक्रमातही फट आहे. एपी केमिस्ट्रीच्या परीक्षेत कॉलिगेटिव्ह गुणधर्मांची (द्रावणातल्या कणांच्या संख्येवर ठरणाऱ्या) गणितं येत नाहीत, एमकॅटच्या यादीत मात्र ते गुणधर्म आणि ऑस्मॉटिक दाब दोन्ही आहेत. यापेक्षा मोठी अडचण सरावाची आहे. बफरचं (पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणाचं) गणित शाळेच्या अकरावीत एकदा केलेलं आणि त्यानंतर थेट कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी अमिनो आम्लांचे आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला निव्वळ विद्युतभार शून्य होतो तो) काढायचे, तेही एमकॅटमध्ये, जिथे कॅल्क्युलेटर नसतो. बफरचा पीएच काढायचं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण तोंडपाठ असून भागत नाही, लॉगॅरिदमचा अंदाज हातात बसलेला लागतो.

एपी वापरून जनरल केमिस्ट्री सोडणं कुणालाच शोभत नाही असं मात्र नाही. संशोधनाची आवड असलेला, पुढे वरचे केमिस्ट्री कोर्स घेणारच असलेला, बफर, समतोल आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री न अडखळता सोडवणारा विद्यार्थी खुशाल पहिल्या वर्षी ऑरगॅनिकला बसू शकतो. काही कॉलेजांत एपीवाल्यांसाठी एका सत्राचा वेगवान जनरल केमिस्ट्री कोर्स असतो. त्यात ग्रेड मिळते आणि पाया पुन्हा तपासला जातो, त्यामुळे तो मधला मार्ग बरा. एक खाचखळगा आधीच बघून ठेवा: एपीचं क्रेडिट स्वीकारल्यावर तोच कोर्स घेतला तर काही कॉलेज त्याला ‘पुनरावृत्ती’ समजतात किंवा एपीचं क्रेडिट काढून घेतात. एपीचं क्रेडिट नाकारायचं असेल तर नोंदणीआधी रजिस्ट्रारला लेखी कळवावं.

कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच विद्यापीठांसारखी क्वार्टर पद्धत असेल तर हिशेब वेगळा. ‘एक वर्ष केमिस्ट्री’ म्हणजे तिथे तीन क्वार्टर. क्वार्टर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणलं की सेमिस्टर क्रेडिट मिळतं, म्हणजे १२ क्वार्टर क्रेडिट्सची ८ होतात. दोन क्वार्टर करून थांबलेल्यांना हे फार उशिरा कळतं.

“ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, उन्हाळ्यात उरका”

दोन-ब्रोमोब्युटेन घ्या. सोडियम ॲझाइडबरोबर त्यात एसएन-२ विस्थापन (नवा गट मागच्या बाजूने येऊन ब्रोमीनची जागा घेतो) होतं आणि त्या कार्बनची रचना उलटी होते. पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड टाकलं की विलोपन होऊन (हायड्रोजन आणि ब्रोमीन निघून दुहेरी बंध तयार होऊन) मुख्यतः वन-ब्युटीन मिळतं, कारण हा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत सहज पोचत नाही, जास्त करून टोकाचा काढतो. रेणू तोच, उत्तर वेगळं. अशी दोनशे समीकरणं वेगवेगळी पाठ करणारा पहिल्या परीक्षेत तरतो आणि दुसऱ्यात बुडतो, कारण दुसऱ्या परीक्षेत न पाहिलेला रेणू येतो.

लॅबचंही तसंच. बेन्झोइक आम्ल आणि फिनॉल ईथरमध्ये विरघळवून सोडियम बायकार्बोनेटबरोबर हलवलं की बेन्झोइक आम्ल पाण्याच्या थरात जातं, फिनॉल ईथरमध्येच राहतं. कारण बेन्झोइकचा पीकेए (जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ४.२ च्या आसपास आहे आणि फिनॉलचा सुमारे १०, बायकार्बोनेट तेवढा तगडा बेस नाही. सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं तर दोन्ही जातात. एमकॅटचे उतारे नेमके असल्या पृथक्करणावर असतात. सेपरेटरी फनेल एकदा स्वतः हलवलेलं असलं, मधूनमधून कॉक उघडून कार्बन डायऑक्साइड सोडला नाही तर बूच उडतं हे पाहिलेलं असलं, की आकृती वाचायला वेळ लागत नाही. घरबसल्या ऑनलाइन केलेली लॅब काही स्कूलना चालते, काहींना नाही. ऑनलाइन लॅबची नोंदणी हे विचारून मगच करावी.

आता उन्हाळा. एरवी सत्र सुमारे १५ आठवड्यांचं असतं. तेच ५ आठवड्यांत बसवलं तर एका आठवड्यात तीन आठवड्यांचा अभ्यास येतो. तापाने चार दिवस पडलात तर दोन प्रकरणं आणि बहुधा एक परीक्षा गेलीच. उन्हाळी ऑरगॅनिक घ्यायचंच असेल तर त्या काळात नोकरी, शॅडोइंग (डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम पाहणं), भारताची फेरी यांपैकी काही ठेवू नये.

कम्युनिटी कॉलेज वाईट नाही. फीसाठी तिथून सुरुवात करणारे कितीतरी विद्यार्थी पुढे एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) होतात. बरेच स्कूल तिथले कोर्स मानतात, पण चार वर्षांच्या कॉलेजात शिकत असताना फक्त अवघड कोर्स तेवढे बाहेर नेले, तर ते समितीच्या डोळ्यांवर येतं. जनरल केमिस्ट्री तिथे आणि ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री मूळ कॉलेजात, ही वाटणी जास्त सुरक्षित.

“बायोकेमिस्ट्री ऐच्छिक आहे”

सल्ल्यातला हा सगळ्यांत महागात पडणारा भाग, आणि तो मराठी घरांत का पटकन पटतो हे समजण्यासारखं आहे. भारतात बारावीनंतर नीट द्यायची, ७२० पैकी केमिस्ट्रीचे १८० गुण, आणि बायोकेमिस्ट्री एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राबरोबर. म्हणजे ती प्रवेशानंतरची गोष्ट. अमेरिकेत ती प्रवेशाआधीची झाली आहे. बरेच स्कूल एक सत्र बायोकेमिस्ट्री सक्तीची ठेवतात, आणि काही जण ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सत्राऐवजी ती चालवून घेतात.

सक्ती बाजूला ठेवली तरी एमकॅटचा हिशेब बघा. २०१५ पासूनच्या स्वरूपात एकूण २३० प्रश्न असतात. भौतिक-रासायनिक विभागातल्या ५९ पैकी साधारण ३० टक्के जनरल केमिस्ट्री, २५ टक्के बायोकेमिस्ट्री, १५ टक्के ऑरगॅनिक. जैविक विभागातल्या ५९ पैकी बायोकेमिस्ट्री २५ टक्के, जनरल आणि ऑरगॅनिक ५-५ टक्के. बेरीज केली तर बायोकेमिस्ट्रीचे जवळपास ३०, जनरलचे २१ आणि ऑरगॅनिकचे १२ प्रश्न. ज्याच्या धास्तीने पालक झोपत नाहीत त्या ऑरगॅनिकपेक्षा ‘ऐच्छिक’ विषयाला अडीचपट वजन आहे.

कोणती बायोकेमिस्ट्री घ्यायची, यावरही बरंच अवलंबून असतं. पुष्कळ कॉलेजांत दोन प्रकार असतात: एका सत्राचा, सगळ्याचा आढावा घेणारा कोर्स आणि मेजरवाल्यांसाठी दोन सत्रांचा. दुसऱ्याचा फक्त पहिला भाग घेतला तर प्रथिनांची रचना आणि एन्झाइम होतात, पण ग्लायकोलिसिस, सिट्रिक आम्ल चक्र, मेदाम्लांचं विघटन हे सगळं सहसा दुसऱ्या भागात राहतं. एमकॅटला दोन्ही लागतं. एकच सत्र घेणार असाल तर चयापचयासकट असलेला एका सत्राचा कोर्सच घ्यावा, नाव कमी भारदस्त असलं तरी.

उलटा हिशेब इथूनच सुरू होतो. कॉलेज संपताच मेडिकलला जायचं तर तिसऱ्या वर्षानंतरच्या जूनमध्ये अर्ज. त्यासाठी एमकॅट त्याच वर्षी एप्रिल-मेच्या आत. म्हणून बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, ऑरगॅनिक दुसऱ्या वर्षात, जनरल पहिल्या वर्षात. गणिताच्या प्लेसमेंट चाचणीत कमी पडून जनरल केमिस्ट्री दुसऱ्या वर्षावर गेली की बायोकेमिस्ट्री चौथ्यावर जाते, आणि मग एक वर्ष थांबून अर्ज करणं हाच शहाणपणा. त्यात काही कमीपणा नाही, आजकाल कितीतरी जण तेच करतात. अर्धवट तयारीने दिलेला एमकॅट मात्र नोंदीत राहतो.

“पुन्हा घेतला की जुनी ग्रेड जाते”

कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर जातही असेल. एमडी स्कूलांच्या सामायिक अर्जात, ॲमकॅसमध्ये, दोन्ही प्रयत्न मोजले जातात. ४ क्रेडिट्सच्या कोर्समध्ये आधी सी (२.०) आणि नंतर ए (४.०) मिळाली, तर कॉलेज ४.० दाखवेल, ॲमकॅस ८ क्रेडिट्सवर ३.० धरेल. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या स्कूलांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. जुने सल्ले अजून तिच्यावरच चालले आहेत.

त्यामुळे सी किंवा त्याखाली घसरत असाल तर माघार घेण्याची शेवटची तारीख आधीच कॅलेंडरवर हवी. एखादा ‘डब्ल्यू’ (माघारीची नोंद) दिसतो, पण सरासरीत येत नाही. बी किंवा बी-मायनस असलेला कोर्स पुन्हा घेण्यात अर्थ नाही, तेच बळ बायोकेमिस्ट्रीत लावावं. शाळेत असताना घेतलेल्या ड्युअल एनरोलमेंटच्या कॉलेज कोर्सच्या ग्रेडही याच सरासरीत येतात, तेव्हा अकरावीत ‘सहज म्हणून’ घेतलेली कॉलेज केमिस्ट्री कायमची चिकटते.

“मेजर केमिस्ट्रीच ठेवा”

गरज नाही. पूर्वअटी झाल्या की इतिहासात मेजर केलेलाही तितकाच पात्र. स्टॅनफर्डसारखी काही स्कूल तर ठरावीक कोर्सची सक्तीच करत नाहीत, पण एमकॅट लागतोच, म्हणून केमिस्ट्री टळत नाही. मेजर विज्ञानाबाहेरचं असेल तर एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी: कॅटलॉगमध्ये कोर्सच्या वर्णनात ‘विज्ञान मेजरसाठी’ असं आहे का. नर्सिंग आणि आरोग्यसेवेच्या विद्यार्थ्यांसाठी जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री एकत्र गुंडाळलेले कोर्स असतात. नावात तिन्ही विषय येतात, लॅबही असते, ए मिळवणंही सोपं. त्यांची ८ क्रेडिट्स झाली तरी एमडी स्कूल ती पूर्वअट म्हणून सहसा धरत नाहीत, आणि कित्येक कॉलेजांत त्यांच्या आधारावर पुढच्या ऑरगॅनिकला प्रवेशही मिळत नाही.