रोपं लावून दलदल तयार होत नाही

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदल, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ राई, जेमतेम अडीच हेक्टरांची. तेवढ्यासाठी व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी वळवू नका म्हणणं शेतकऱ्यावर अन्याय आहे. रानजायफळाची रोपं करून दुसरीकडे लावली की झालं.

रोपं होतात, मान्य. पण या रानजायफळाचं, म्हणजे मायरिस्टिका मॅग्निफिकाचं, बी वाळलं की मेलं. बियाण्याच्या भातासारखं ते कणगीत राहत नाही. फळ उकललं की ताजं बी उचलायचं, वरची पत्री (बियाभोवतीचं आवरण) हातानं सोडवायची, ऊन लागू न देता दोन-चार दिवसांत सावलीतल्या ओल्या वाळूत पेरायचं. पत्री तशीच राहिली तर बुरशी धरते. शिवाय या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. पाच रोपं लावली आणि पाचही नर निघाली, तर पुढची पिढी कुठून येणार?

खरी अडचण मुळांशी आहे. चिखलातून वर येऊन, गुडघा दुमडावा तशी वळून, ही मुळं पुन्हा खाली जातात. चिखलात हवा नसते. गुडघ्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून ती मुळांपर्यंत पोचते. वरच्या उतारावर रबर-काजूसाठी जेसीबीनं माती उघडी केली, की पावसात गाळ खाली येतो आणि हे गुडघे बुजतात. मोठं झाड लगेच पडत नाही, म्हणून गाळावर कोणाचा संशय जात नाही. व्हाळ वळवला तर उलटं: उन्हाळ्यात चिखल भेगाळतो, कोवळी रोपं आधी जातात आणि कोरड्या जागेतली झाडं आत शिरतात. अशी वाहत्या पाण्याची जागा तुम्ही 'दुसरीकडे' कुठून आणणार? दरीच्या तळाची ती सपाट, ओली जमीन भाताला आणि पोफळीला सोयीची, म्हणून सह्याद्रीतल्या बहुतेक दलदली तशाच संपल्या. बांबर्ड्याची राहिली ती गावानं देवराई म्हणून राखली म्हणून. जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा तिला 2021 साली मिळाला. गोव्याच्या सत्तरीतली अशीच दलदल, निरंकाराची राई, हीही देवाच्या नावावरच टिकली.

शेतकऱ्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी टाळत नाही. पाट दलदलीच्या वरून काढू नका, खालून काढा. पाणी आधी राईतून जाऊ द्या, मग बागेत घ्या. पंपाचा फुटव्हॉल्व (पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) हाही राईच्या खालच्या कोंडीतच टाका. उताराच्या बागेत दलदलीकडच्या बाजूला झाडोऱ्याचा पट्टा न तोडता ठेवा, गाळ तिथेच अडेल. आणि रोपं करायचीच असतील तर झाडाखालचं सगळं बी गोळा करू नका; निम्म्याहून जास्त तिथेच, चिखलात राहू द्या.