एक तारा देणाऱ्या ग्राहकांना उत्तर: ५२० चेनच्या साध्या लॉकबद्दल

नमस्कार,

आमच्या ५२० चेनच्या लॉकबद्दलचा, म्हणजे चेनची दोन टोकं जोडून क्लिपने बंद होणाऱ्या कडीबद्दलचा, तुमचा अभिप्राय वाचला. चेन उडून इंजिनाच्या केसिंगला तडा गेला आणि एटीव्ही (खडबडीत रस्त्यावरची चारचाकी गाडी) ढकलत आणावी लागली, याचं मनापासून वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. तुम्हाला कुठे लागलं नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रापाशी) चेन गोळा झाली की काय होतं ते आम्हाला माहीत आहे, त्यामुळे वाचताना पोटात गोळाच आला.

पण तुम्ही लिहिलंय की "कुठल्याही ५२० चेनला बसतं असं सांगून स्वस्तातला भंगार माल गळ्यात मारतात, दुसऱ्याच फेरीत क्लिप उडाली, ही शुद्ध फसवणूक आहे." यातलं "कुठल्याही चेनला बसतं" हे आम्ही कधीच म्हटलेलं नाही. वस्तूच्या वर्णनात दुसऱ्याच ओळीत लिहिलंय: ५२० साधी चेन, ओ-रिंगच्या चेनसाठी नाही. तुम्ही ऑर्डर दिली त्या दिवशीही ती ओळ तिथेच होती.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. तुमची चेन ओ-रिंगची, म्हणजे प्लेटच्या मधे रबरी रिंगा असलेली आहे. आतल्या आणि बाहेरच्या प्लेटच्या मधे काळ्या रिंगांच्या कडा स्पष्ट दिसतात. त्यावर आमचं साधं लॉक आहे आणि त्या लॉकच्या पिनांवर जुन्या लॉकमधून काढलेल्या रिंगा चढवलेल्या आहेत. हे तुम्ही चांगल्या हेतूनेच केलं असणार, रिंगा वाया का घालवायच्या म्हणून. पण गडबड नेमकी तिथेच झाली.

५२० या आकड्यातून दोनच गोष्टी कळतात. पिच (एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर) ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिमी, आणि आतल्या दोन प्लेटमधली रुंदी १/४ इंच, म्हणजे ६.३५ मिमी. पिन किती लांब, किती जाड, प्लेट किती जाडीची, हे त्या आकड्यात नसतं. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या (पिनेभोवतीच्या नळीच्या) मधलं ग्रीस आत राहावं म्हणून प्लेटच्या मधे रिंगा बसवतात. त्या रिंगांना जागा हवी म्हणून तिच्या लॉकच्या पिना मुळातच जास्त लांब असतात. साध्या लॉकच्या पिनेवर रिंगा चढवल्या की बाहेरची प्लेट पूर्ण आत जात नाही, पिनेवरची खाच अर्धीच बाहेर येते आणि क्लिप त्या अर्ध्या खाचेच्या कडेवर टेकून राहते. हाताने चाचपलं तर बसल्यासारखी वाटते. गाडीला झटका बसला, चेन वळली, की ती निघून जाते. फोटोत मागच्या पिनेवर क्लिप तिरकी दिसते ती याच कारणाने. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला जाते त्या दिशेला हवं, ते मात्र तुम्ही अगदी बरोबर ठेवलं होतं. ते अनेकांचं चुकतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

हे सगळं मी तुम्हाला मेसेजमध्येही लिहिलं होतं. उत्तर उशिरा आलं हे खरं, पण फोटो नीट पाहिल्याशिवाय मोघम काही लिहून पाठवायचं नव्हतं. तोवर तुमचा अभिप्राय आलाही होता.

आता स्वस्ताबद्दल. आमचं लॉक स्वस्त आहे कारण त्यात रिंगा नाहीत, ग्रीसची पुडी नाही, वर सोनेरी मुलामा नाही आणि खोकं साधं आहे. पिन आणि प्लेट कडक केलेल्या पोलादाचीच आहेत. साधी चेन वापरणारे, घरीच गाडी उघडून बसणारे लोक आमच्याकडून हेच लॉक नेतात आणि पुन्हा नेतात. एक बटण तुटलं म्हणून कोणी सदरा टाकून देत नाही, तसंच एका लॉकसाठी अख्खी चेन बदलायला लागू नये, एवढ्यासाठी तर आम्ही हा धंदा करतो. किंमत कमी ठेवली म्हणून आम्हाला तुमच्या जिवाची पर्वा नाही, असं तुम्ही सुचवलंत. ते फार लागलं.

चेन तोडायच्या हत्याराची पिन वाकली असंही तुम्ही म्हटलंय. रिव्हेट केलेल्या (टोक ठोकून पसरवलेल्या) पिनेचं डोकं आधी घासून सपाट केलं नाही तर कुठल्याही हत्याराची पिन वाकू शकते. तरी बदली पिन पाठवतो, तिचे पैसे नकोत.

आणखी एक, हे भांडण म्हणून नाही, काळजी म्हणून. फोटोत मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला हुकासारखे झुकलेले दिसतात. चेन ताणून धरा आणि ओळीने २१ पिना घेऊन पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या ५२० चेनमध्ये हे अंतर ३१७.५ मिमी असतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल, ती पाहा. पण ३२४ मिमीच्या पुढे गेलं असेल तर कितीही महागाचं लॉक लावून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते. स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) प्लास्टिकचा स्लायडरही त्याच वेळी पाहून घ्या, तो संपला की चेन थेट स्विंगआर्मच कापायला लागते.

केसिंगचा खर्च आम्ही देऊ शकत नाही. आमचा धंदा लहान आहे, तेवढी ताकद नाही, आणि वर लिहिलेल्या कारणामुळे तो आमच्यावर यावा असं प्रामाणिकपणे वाटतही नाही. लॉकचे पैसे मात्र परत करतोय. ओ-रिंगची सूचना फोटोच्या वरच मोठ्या अक्षरात टाकायचं काम चालू आहे, पाकिटावरही काहीतरी करू.

चेनच्या बाहेरच्या प्लेटवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो कळवा. त्याच चेनचं, चार रिंगांचं योग्य लॉक कुठलं ते शोधून सांगतो, मग ते आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून. तोवर गाडी चालवू नका, तडा गेलेल्या केसिंगमधून तेल गळत असेल. तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा, तो तुमचा हक्क आहे. फक्त "फसवणूक" तेवढं काढावं, ही विनंती. आमच्याकडे नवीन येणारा माणूस आधी तेच वाचतो.