‘आधी उठवा, मग मारा’: बसलेल्या हरणाला दिलेली ही कसली संधी?

शिकारीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. बसलेल्या हरणावर गोळी झाडणारा शिकारी नव्हे, खाटीक. विश्रांती घेणारं जनावर बेसावध असतं, त्याला जीव वाचवता येत नाही. म्हणून आधी शीळ घाला, दगड भिरकवा, त्याला उठवा, पळू द्या आणि मग नेम धरा. त्यालाही संधी मिळाली पाहिजे. जुन्या गोष्टी हेच सांगतात, आजचे शिकारीचे नियमही हेच सांगतात, आणि खरं कौशल्यही त्यातच आहे.

वाचायला हे उदात्त वाटतं. मला मात्र त्याची भीती वाटते. एखादा नवशिका हे वाचून खरोखरच शीळ घालेल, आणि जे हरिण काही सेकंदांत मेलं असतं किंवा सुखरूप सुटलं असतं, ते पोटात गोळी घेऊन रात्रभर झुडपात पडून राहील.

एक गोष्ट आधीच सांगतो. जिथे कायदा परवानगी देतो, हंगाम ठरलेला असतो, परवाना लागतो, तिथल्याच शिकारीबद्दल मी बोलतोय. हरिण मारूच नये असं म्हणणाऱ्यांशी माझं इथे भांडण नाही. ती भूमिका सरळ आहे. हा मजकूर तसं म्हणत नाही. मारायला त्याची हरकत नाही, मरण्याआधी हरणाने धावून दाखवावं एवढीच त्याची अट आहे.

‘बसलेलं हरिण बेसावध असतं.’

ज्याने बसलेल्या हरणाच्या जवळ जायचा प्रयत्न केलाय तो हे वाक्य लिहिणार नाही. हरिण रवंथ करणारा प्राणी आहे. उघड्यावर ते भराभर ओरबाडून गिळतं आणि मग आडोशाला बसून तेच पुन्हा तोंडात आणून सावकाश चावतं. म्हणजे त्याचं बसणं हा जेवणाचाच दुसरा भाग. दुर्बिणीतून अर्धा तास नुसतं बघत राहा. खालचा जबडा आडवा फिरत असतो. मग थांबतो, घास खाली जातो, दोन-चार क्षण काहीच घडत नाही, आणि गळ्यातून एक गोळा खालून वर सरकताना स्पष्ट दिसतो. जबडा पुन्हा सुरू. पण हे चक्र मध्येच, घास तोंडात असताना थांबलं, तर समजावं की त्याला चाहूल लागली. एक कान तुमच्याकडे वळलेला असतो, दुसरा भलतीकडे.

जागाही ते निवडून बसतं. पुष्कळदा वारा पाठीकडून आणि समोर मोकळा उतार. मागून येणारा वासावरून कळतो, पुढून येणारा नजरेला पडतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न हलवता त्याला बहुतेक सगळीकडचं दिसतं. त्यापेक्षा चरणारं हरिण गाठणं सोपं: तोंड गवतात असतं, स्वतःच्याच चरण्याचा आवाज कानात असतो. बसलेल्या हरणापर्यंत कुणी पोचलाच, तर त्याआधी त्या हरणाला निसटायच्या दहा संधी मिळून गेलेल्या असतात.

‘त्याला पळायची संधी द्या.’

सगळ्या मजकुराचं मूळ या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू या. रायफलची गोळी सेकंदाला साधारण 800 ते 900 मीटर जाते. आवाज जातो सुमारे 340 मीटर. शंभर मीटरवरच्या हरणापर्यंत गोळी सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात पोचते आणि बंदुकीचा आवाज तिच्या मागून येतो. चाप ओढल्यावर हरणाच्या हातात काहीच उरत नाही, ते बसलेलं असो, उभं असो की धावत असो. संधी असते ती चाप ओढण्यापूर्वी: वासात, नजरेत, कानात.

मग पळवल्याने बदलतं काय? गोळी कुठे लागणार, ते. ताशी 45 किलोमीटरने धावणारं हरिण त्या आठव्या हिश्श्यात दीड मीटर पुढे गेलेलं असतं. दीड मीटर म्हणजे जवळजवळ त्याच्या अंगाची लांबी. शिवाय ते सरळ रेषेत धावत नाही, उड्या मारतं, झाडोऱ्यातून वळणं घेतं. छातीवर धरलेला नेम पोटात जातो, मांडीत जातो, जबड्यात जातो. साफ चुकला तर उत्तमच. पण ‘संधी’ म्हणून जे दिलं जातं त्यात साफ चुकण्याबरोबर अर्धवट लागणंही येतं, आणि हा मजकूर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

मी अशा एका हरणाचा माग काढलाय. बरोबरच्या माणसाने मुद्दाम शीळ घालून ते उठवलं होतं. तो मनाने वाईट नव्हता, त्याला हेच शिकवलं गेलं होतं. फुप्फुसात गोळी लागली की रक्त गुलाबी आणि फेसाळ सांडतं, हरिण थोडं धावून कोसळतं. इथे तसं नव्हतं. थेंब काळपट होते, लांब लांब अंतरावर होते, आणि एका पानावर हिरवट ओला चोथा होता, त्याला आंबूस वास येत होता. हा वास आला की जाणती माणसं तिथेच थांबतात. मागे लागलं तर पोटात गोळी लागलेलं जनावर उठून आणखी लांब जातं, म्हणून कित्येक तास वाट बघावी लागते. आम्ही सकाळपर्यंत थांबलो. मग एकामागून एक चार जागा सापडल्या, जिथे ते बसलं होतं. गवत अंडाकृती दबलेलं, मधोमध डाग, प्रत्येक डाग आधीच्यापेक्षा मोठा. पाचव्या जागी ते होतं. मान मागे वळवून पडलेलं, आजूबाजूची माती खुरांनी उकरलेली. आदल्या दिवशी शीळ घालायच्या आधी ते शांतपणे रवंथ करत होतं, हे मी विसरू शकत नाही.

पळणं ही हरणावरची मेहेरबानी नाही, याला अभ्यासाचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांकडून सांबरासारखी मोठी लाल हरणं दूरवर पळवून मारायची प्रथा होती. पॅट्रिक बेटसन आणि एलिझाबेथ ब्रॅडशॉ यांनी अशा हरणांचं रक्त आणि स्नायू तपासले. त्यांचे निष्कर्ष 1997 मध्ये आले. स्नायूंमधला ऊर्जेचा साठा संपत आलेला, ताणाची संप्रेरकं प्रचंड वाढलेली. न पळवता रायफलने नेमकी मारलेल्या हरणांमध्ये असं नव्हतं. जमिनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या तिथल्या संस्थेने त्याच वर्षी आपल्या जमिनींवर ही शिकार बंद केली. दगड मारून उठवलेलं हरिण काही तासन्‌तास धावत नाही, त्यामुळे ते निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण धावायला मिळालं म्हणजे मरण सुसह्य झालं, ही समजूत तिथे टिकत नाही.

‘शिकारीचे नियमही हेच सांगतात.’

न्याय्य पाठलागाची कल्पना ज्या संस्थेच्या नावाशी जोडली जाते, ती बून अँड क्रॉकेट क्लब ही अमेरिकी संस्था थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये स्थापन झाली. तिची कसोटी अशी: जनावर रानात मोकळं असावं आणि माणसाने त्याच्यावर गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये. ते उभं असावं की बसलेलं, ही तिथे अटच नाही. कुंपणात कोंडलेलं जनावर त्या कसोटीला उतरत नाही. बसलेलं उतरतं, कारण उठून जायला त्याला कुणी अडवलेलं नसतं.

रूझवेल्टांचीच 1902 मधली गोष्ट या मजकुरासोबत नेहमी जोडतात. मिसिसिपीत त्यांच्यासाठी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं होतं, त्यावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, आणि पुढे त्यावरून ‘टेडी बेअर’ हे नाव आलं. पण ते अस्वल बांधलेलं होतं. शिवाय गोष्टीचा शेवट सांगितला जात नाही: अस्वल जबर जखमी होतं, त्याचे हाल थांबावेत म्हणून त्यांनीच त्याला मारून टाकायला सांगितलं.

बसलेल्यावर बार टाकू नये हा संकेत खराच आहे, पण तो पक्ष्यांच्या शिकारीतला. तिथे छर्‍यांची बंदूक असते, बरोबर कुत्री आणि हाकारे असतात, आणि जमिनीलगत टाकलेला बार त्यांनाच लागायची भीती असते. आकाशाकडे उडणाऱ्या पक्ष्यावरचा बार त्या मानाने सुरक्षित. ते कारण गळून पडलं आणि उरलेला नियम हरणाला चिकटवला गेला.

‘जुन्या गोष्टींतही हेच आहे.’

पांडू राजा आणि किंदम ऋषींचं उदाहरण दिलं जातं. हरणाच्या रूपातल्या ऋषींना पांडूने बाण मारला आणि शाप ओढवून घेतला. पण ऋषी काय म्हणाले ते नीट पाहावं: हरिण मारलंस याचा दोष मी देत नाही, माझा समागम होईपर्यंत तू थांबायला हवं होतंस. तक्रार न थांबण्याची होती. उठवून पळवलं नाहीस म्हणून ऋषींनी शाप दिला नाही.

निजलेल्या शत्रूवर वार करू नये, हा युद्धातला नियम हरणाला लावणंही चूक आहे. तो नियम दोघांच्या हाती शस्त्र असतं आणि दोघांनी लढाई मान्य केलेली असते, तिथला. हरिण कुठल्याच सामन्यात उतरलेलं नाही. त्याला खेळाडू ठरवून मग खिलाडूपणा दाखवणं, हे फक्त माणसाच्या मनाला बरं वाटावं म्हणून असतं.

‘पळत्यावर नेम धरण्यातच कौशल्य.’

हाकाऱ्याच्या शिकारीत पळत्या जनावरावर बार टाकणारी, त्यासाठी हलत्या लक्ष्यावर सराव केलेली माणसं आहेत. त्यांचं कौशल्य मी नाकारत नाही. पण कौशल्य अजमावायला लाकडी फळी आहे. ती चुकली तर कुणी रात्रभर विव्हळत नाही.

आता या मजकुरात जे अर्धं खरं आहे, त्याकडे. बसलेल्या हरणावर गोळी झाडू नये असे प्रसंग पुष्कळ आहेत, आणि मी स्वतः बहुतेक वेळा झाडत नाही. कारण त्याच्या शरीराच्या ठेवणीत आहे. उभ्या, आडव्या हरणात हृदय आणि फुप्फुसं कुठे असतात हे पुढच्या पायावरून कळतं. बसल्यावर ते पाय अंगाखाली दुमडले जातात आणि ती खूण हरवते. छाती जमिनीला टेकते, हृदय खाली असल्यामुळे नेमकं तेच गवताआड जातं. मागचं अंग एका कुशीवर कललेलं असतं, त्यामुळे बरगड्यांतून शिरलेली गोळी पोटातून बाहेर पडू शकते. मधली एखादी काडीसुद्धा बाणाची दिशा बदलायला पुरते, आणि गोळीचाही भरवसा नसतो. त्याच्यामागे दुसरं बसलंय का, मादी असेल तर पाडस कुठे आहे, हे दिसत नाही.

आणि ते हरिणच आहे का, हेही. श्रीकृष्ण झाडाखाली विसावले होते, आणि जरा नावाच्या व्याधाला त्यांच्या पायाचा तळवा हरणाच्या तोंडासारखा दिसला. झाडोऱ्यात विसावलेल्या देहाचा एक तुकडा बघून बाकीचं मनाने पूर्ण करणं, ही चूक तेव्हाची तशीच आजची आहे. आजही माणसं अशा चुकीत मरतात.

म्हणून थांबायचं. शीळ घालायची नाही, दगड मारायचा नाही. दचकून उठलेलं हरिण उभं राहत नाही, ते उठतानाच पळत असतं. आपणहून उठणारं हरिण वेगळं असतं. कूस बदलायला, लघवीला, पुन्हा चरायला ते केव्हातरी उठतंच. आधी मागचे पाय सरळ होतात, मग पुढचे. पाठ ताणून आळस दिला जातो. मग ते क्षणभर तसंच उभं राहतं, आडवं, पूर्ण दिसेल असं. नेम धरायचा तर तेव्हा. कधी त्याला अर्धा तास लागतो, कधी तीन, आणि तोवर तुमचा पाय बधिर होतो, वारा फिरतो, उजेड जातो. उजेड गेला की गोळी काढून घ्यायची आणि आवाज न करता मागे सरकायचं. ते अजून तिथेच बसलेलं असतं, जबडा फिरत असतो.