परदेशातून : टायसन नेमका कितवा?

मुंबईतील माझ्या मित्रमंडळीत जगातील सर्वश्रेष्ठ हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील, मुष्टियोद्ध्यांची यादी करण्याचा विषय निघाला की माइक टायसन पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो आणि वाद सुरू होतो तो दुसऱ्या क्रमांकापासून. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा टायसन टेक्सासमध्ये २७ वर्षांच्या जेक पॉलकडून आठ फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. शनिवारी सकाळी दादरला बसून ती लढत पाहिलेल्या मित्रांनी ‘तो नाही, त्याचे वय हरले’ असे म्हणून पहिला क्रमांक कायम ठेवला. त्या लढतीपुरते ते खरेच आहे, आणि उतारवयातील असा सामना कोणीही हिशेबात धरू नये. मात्र मी इंडियानापोलिसमध्ये राहतो. १९९२ साली टायसनवर खटला चालला आणि ज्युरीने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले, ते हेच शहर. येथे हा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो आणि त्याला यादीत घ्यायचेच कशाला, असे विचारले जाते. दोन्ही शहरांतील उत्तरे मला अपुरी वाटतात.

मुंबईचे प्रेम कोठून आले हे मी जाणतो, कारण ते माझेही होते. आमच्या पिढीला टायसन भेटला तो वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर आणि भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, आणि त्या कॅसेटवर केवळ त्याचे नॉकआउट असत. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत जाणाऱ्या, उंचीने बेताच्या मुलांना हा पाच फूट दहा इंचांचा माणूस आपल्याहून कितीतरी उंच प्रतिस्पर्ध्यांना आडवे करताना दिसे, याचे आकर्षण फार मोठे होते. २०१८ साली तो प्रथमच भारतात आला तोही मुंबईतच, वरळीच्या बंदिस्त स्टेडियममधील एका स्पर्धेच्या निमित्ताने, आणि शहराने त्याचे मनापासून स्वागत केले.

त्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांचे मोल मी तसूभरही कमी करणार नाही. कस डमाटो या वृद्ध प्रशिक्षकाने न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल गावी त्याला जी शैली शिकवली, तिच्यात दोन्ही हातमोजे गालांना चिकटवून, डोके सतत डावी-उजवीकडे हलवत प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाखालून आत शिरायचे आणि बरगड्यांवर हुक (बाजूने वळवलेला ठोसा) मारून लगेच हनुवटीवर अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारायचा, असा क्रम होता. लोक त्याच्या ताकदीविषयी बोलतात, पण ठोसा चुकवण्याची क्रिया संपण्याआधीच ठोसा मारण्याची क्रिया सुरू झालेली असे, हे त्याचे खरे कसब होते. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून तो वयाच्या विसाव्या वर्षी हेवीवेटचा सर्वांत तरुण विजेता झाला, पुढच्या ऑगस्टपर्यंत तिन्ही प्रमुख संघटनांची विजेतेपदे त्याच्याकडे आली, जानेवारी १९८८ मध्ये त्याने लॅरी होम्सला चौथ्या फेरीत संपवले आणि त्याच वर्षी जूनमध्ये अपराजित मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत. होम्स तेव्हा ३८ वर्षांचा आणि निवृत्तीतून परतलेला होता हे खरे. परंतु संपूर्ण कारकिर्दीत त्याला वेळेआधी थांबवणारा टायसन हा एकटाच.

तरीही क्रमांक केवळ शिखरावरून ठरत नाही, आणि हे मुंबईकरांना मी सांगावे असे नाही. विनोद कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा केल्या आणि सतरा कसोटींत त्याची सरासरी ५४.२० राहिली, तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कोणी त्याला सचिनच्या वर ठेवत नाही. कारण तेथे प्रत्येकजण विचारतो की गोलंदाज कोण होते, खेळपट्टी कशी होती आणि कठीण काळ आल्यावर पुढे काय झाले. माझे मित्र हेच प्रश्न टायसनच्या बाबतीत विचारत नाहीत, एवढीच माझी तक्रार आहे.

हेवीवेटच्या इतिहासात पहिल्या मोठ्या पराभवानंतर, किंवा खाली पडल्यानंतर, माणसाने काय केले याची नोंद अतिशय स्पष्ट आहे. जो लुईस १९३६ मध्ये श्मेलिंगकडून बाराव्या फेरीत हरला आणि दोन वर्षांनी त्याने त्याच श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवले. मुहम्मद अली हा जो फ्रेझिअर आणि केन नॉर्टन या दोघांकडूनही हरला आणि दोघांनाही त्याने नंतर हरवले. लेनॉक्स लुईसने मॅकॉल आणि रहमान यांचे हिशेब चुकते केले. होम्स १९७९ मध्ये शेव्हर्सच्या एका ठोशाने जमिनीवर आपटला, उठला आणि जिंकला. मार्सियानो वॉलकॉटविरुद्ध पहिल्याच फेरीत पडला आणि तेराव्या फेरीत विजेता झाला. फोरमन रॉन लाइलशी लढताना दोनदा पडूनही जिंकला. टायसनच्या पन्नास विजयांत असा एकही विजय नाही. तो ज्या ज्या लढतीत खाली पडला, ती प्रत्येक लढत तो हरला, आणि ज्याने त्याला हरवले त्याला तो पुन्हा कधीही हरवू शकला नाही. त्याला आधी हरवलेल्या होलिफिल्डविरुद्धची १९९७ ची परतीची लढत तर कान चावल्यामुळे तिसऱ्या फेरीनंतर त्याला बाद ठरवून संपली.

येथे मित्र सांगतात की तुरुंगाने त्याची ऐन उमेदीची तीन वर्षे खाल्ली, नाहीतर इतिहास वेगळा असता. तारखा पाहिल्या तर हे टिकत नाही. बस्टर डग्लसने त्याला टोकियोत हरवले ते ११ फेब्रुवारी १९९० रोजी, म्हणजे अटकेच्या बऱ्याच आधी. केव्हिन रूनी या डमाटोंच्या परंपरेतील प्रशिक्षकाला त्याने १९८८ च्या अखेरीस दूर केले होते. डोक्याची हालचाल मंदावली होती, जोडठोशांच्या जागी एकेकटे ठोसे आले होते आणि त्या रात्री त्याच्या मदतनिसांकडे सुजलेल्या डोळ्यावर दाबण्याचे साधे धातूचे साधनही नव्हते. त्यांनी रबरी हातमोज्यात थंड पाणी भरून काम चालवले. डग्लस मात्र आठव्या फेरीत पडला, उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला झोपवले. शिवाय तुरुंगातली वर्षे त्याच्या खात्यावर जमा करण्याला माझा याहून गंभीर विरोध आहे. ती वर्षे एका अठरा वर्षांच्या मुलीवरील अत्याचारामुळे गेली. टायसनने आरोप कायम नाकारला, अपिले केली, पण दोषसिद्धी कायम राहिली, आणि जी शिक्षा गुन्ह्याची होती तिची भरपाई श्रेष्ठतेच्या यादीत मागणे मला मान्य नाही.

मुंबईत अली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन आणि टायसन यांना व्यवस्थेने छळलेले बंडखोर म्हणून एका रांगेत बसवले जाते, याचेही मला वाईट वाटते. अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, साडेतीन वर्षे गमावली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. जॉन्सनला १९१३ मध्ये केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून दोषी ठरवले आणि २०१८ मध्ये त्याला मरणोत्तर माफी मिळाली. या दोघांवर अन्याय झाला. टायसनच्या प्रकरणात अन्याय ज्या व्यक्तीवर झाला, तिचा उल्लेख आपल्या गप्पांत येतच नाही.

इंडियानापोलिसमध्ये तो येतो. येथील माझ्या एका वयस्क सहकारी बाईंना तो खटला चांगला आठवतो, आणि त्या काळी शहरातील अनेकांनी, विशेषतः कृष्णवर्णीय समाजातील काही वजनदार मंडळींनी, मुलीऐवजी टायसनची बाजू घेतली याचा त्यांना अजून राग आहे. टायसनचे नाव कोणत्याही गौरवाच्या यादीत असू नये, असे त्या म्हणतात. त्यांच्या रागाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. रिंगमध्ये झालेले रिंगमध्ये मोजावे आणि गुन्ह्याचा उल्लेख त्याच दमात, त्याच आवाजात करावा, असे मला वाटते. ‘ते त्याचे खासगी आयुष्य’ हे मुंबईतील वाक्य मी मात्र आता ऐकून घेत नाही, कारण ज्या कृत्याचा निकाल भर न्यायालयात लागला ते खासगी राहत नाही. अमेरिकेने याबाबत आपल्याला काही शिकवावे अशी तिची योग्यता आहे असेही नाही. मार्च १९९५ मध्ये तो सुटला आणि त्याच वर्षी त्याच्या पुनरागमनाची तिकिटे याच देशाने रांगा लावून विकत घेतली.

तेव्हा माझी यादी अशी: अली, जो लुईस, होम्स, फोरमन, लेनॉक्स लुईस, मार्सियानो, होलिफिल्ड, फ्रेझिअर आणि नवव्या क्रमांकावर टायसन. जॉन्सनच्या काळचे नियम आणि लढतींची लांबी इतकी निराळी होती की त्याला मी या मापाने मोजत नाही. होलिफिल्डबद्दल वाद होऊ नये, कारण त्याने टायसनला समोरासमोर दोनदा हरवले आहे. फ्रेझिअरबद्दल होईल, कारण तोही ठेंगणा, तोही आत शिरून डावा हुक मारणारा, आणि फोरमनने त्याला १९७३ मध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, तेव्हा टायसन त्याच्याहून वरचढ असे मित्र म्हणतात. मी त्यांना सप्टेंबर १९६६ ची ऑस्कर बोनावेनाविरुद्धची लढत पाहायला सांगतो. फ्रेझिअर दुसऱ्याच फेरीत दोनदा पडला, त्या काळच्या नियमानुसार तिसऱ्यांदा पडला असता तर लढत तेथेच संपली असती, आणि तरीही दहा फेऱ्या पुढे चालत राहून त्याने ती गुणांवर जिंकली. साडेचार वर्षांनी त्याने अपराजित अलीला हरवले. टायसनच्या नोंदीत या दोहोंपैकी एकाच्याही तोडीचे काही मित्रांनी मला दाखवावे. मी त्याला आठव्या क्रमांकावर नेईन.